बागेतली ओपन जिम: वाढलेल्या वजनात हृदयाला कोणतं यंत्र किती कामाचं?

जालन्यातल्या बागेत जा, लातूरच्या जा, नाही तर परभणीतल्या एखाद्या कॉलनीच्या मोकळ्या जागेत जा. रंगीत पाइपांची तीच आठ-दहा यंत्रं दिसतात. पैसे लागत नाहीत, नाव नोंदवावं लागत नाही, सुरुवात करायला कुणाला विचारावं लागत नाही. म्हणून पोट सुटलेल्या, बीपीची गोळी नुकतीच सुरू झालेल्या माणसाला डॉक्टरांनी "व्यायाम करा" म्हटलं की तो पहिल्यांदा इथंच येतो. हे परीक्षण त्याच्यासाठी आणि साडीवर स्पोर्ट्‌स शूज घालून येणाऱ्या त्याच्या बायकोसाठी. निकष एकच: या यंत्रावर दहा मिनिटं दिली तर हृदयाच्या पदरात काय पडतं?

निकाल आधीच सांगून टाकू. पहिला नंबर यंत्रांभोवतीच्या चालायच्या वाटेचा. दुसरा लेग प्रेसचा, तिसरा क्रॉस ट्रेनरचा. ज्यांच्यासमोर सकाळी माणसं पाळीची वाट बघत उभी असतात ते एअर वॉकर आणि ट्विस्टर फार खाली येतात. असं का, ते कळायला वाढलेल्या वजनाचं हृदयावर काय होतं हे आधी बघावं लागेल.

अंगावर चढलेली चरबी जिवंत असते, तिलाही रक्त लागतं. शरीरातलं एकूण रक्त वाढतं, दर ठोक्याला हृदयाला जास्त रक्त ढकलावं लागतं. वर्षानुवर्षं हे चाललं की डावा कप्पा ताणला जातो आणि त्याची भिंत जाड होते. त्यात बीपी असलं की ओझ्यावर ओझं. जाड भिंतीचा कप्पा दोन ठोक्यांच्या मधे नीट सैल पडत नाही, म्हणून दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत दम लागतो. शिवाय पोटाच्या आत, यकृतात आणि खुद्द हृदयाच्या अंगावरही चरबी साचते. दंडावरच्या किंवा मांडीवरच्या चरबीपेक्षा ही आतली चरबी जास्त त्रासाची. आपल्याकडे बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) 23 च्या पुढे जास्त वजन आणि 25 पासून लठ्ठपणा धरतात. पण वजनकाट्याइतकीच शिंप्याची टेपही महत्त्वाची: सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे टेप धरायची, श्वास सहज सोडायचा, पोट आत ओढायचं नाही. पुरुषांत 90 आणि बायकांत 80 सेंटीमीटरच्या वर आकडा गेला तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

आता व्यायामाचे प्रकार. एक दमाचा: भरभर चालणं, सायकल, पोहणं. दुसरा ताकदीचा: वजन ढकलणं, ओढणं, उचलणं. दोन्ही चांगले, पण दोघांचं काम वेगळं. अमेरिकेत आयोवामध्ये झालेल्या कार्डिओरेस या चाचणीचे निष्कर्ष 2024 मध्ये आले. त्यात 35 ते 70 वयाची, वजन जास्त आणि बीपी वाढलेली 406 माणसं होती. वर्षभर, आठवड्यातून 3 दिवस, रोज एक तास. एका गटाने फक्त ताकदीचा व्यायाम केला, एकाने फक्त दमाचा, एकाने अर्धा तास हा आणि अर्धा तास तो. चौथ्या गटाला व्यायाम दिला नव्हता. बीपी, वाईट कोलेस्टेरॉल, उपाशीपोटीची साखर आणि अंगातल्या चरबीचं प्रमाण या चारही गोष्टींचा एकत्र हिशोब केला, तेव्हा फक्त ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांना व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा फायदा दिसला नाही. दमाचा करणाऱ्यांना दिसला, आणि निम्मा-निम्मा करणाऱ्यांनाही तेवढाच दिसला. म्हणजे चालण्यातला निम्मा वेळ ताकदीला दिला तरी हृदयाचं नुकसान नाही, वर स्नायूंची ताकद मिळते. ज्याला गुडघ्यामुळे सलग तासभर चालणं जमत नाही त्याला याहून दिलासा देणारी बातमी नाही.

ताकदीच्या व्यायामाला कमी लेखायचं मात्र कारण नाही. डेन्मार्कमध्ये पोट सुटलेल्या, बैठ्या माणसांवर 12 आठवड्यांची चाचणी झाली, तिचे निकाल 2019 मध्ये आले. हृदयाला चिकटून असलेली चरबी दमाच्या व्यायामाने 32 टक्के आणि ताकदीच्या व्यायामाने 24 टक्के कमी झाली. हृदयाच्या पिशवीबाहेरची चरबी तर फक्त ताकदीच्या व्यायामाने हलली. तेव्हा ओपन जिममध्ये दोन्ही शोधायचं आहे: दम लागेल अशी गोष्ट आणि जोर लागेल अशी गोष्ट. ज्या यंत्रात या दोन्हीपैकी एकही नाही ते कितीही मजेचं असलं तरी बाजूला.

दम पुरेसा लागला की नाही हे नाडीवरून कळतं. 220 मधून वय वजा करा. 48 वर्षांच्या माणसाचे 172 येतात. मध्यम व्यायामासाठी त्याचे 64 ते 76 टक्के धरतात, म्हणजे मिनिटाला 110 ते 130 ठोके. मिनिटभर मोजत बसू नका, तोवर नाडी उतरते. थांबल्याबरोबर मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा, 15 सेकंद मोजा, चारने गुणा. या माणसाचे 15 सेकंदांत 28 ते 32 ठोके भरायला हवेत. बीपीसाठी किंवा छातीत दुखतं म्हणून मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल अशा गोळ्या चालू असतील तर हा हिशोब विसरा; त्या नाडी मुद्दाम खाली ठेवतात आणि आकडा गाठायच्या नादात माणूस झेपेल त्यापेक्षा जास्त करून बसतो. त्यांच्यासाठी बोलण्याची खूण बरी: सोबत्याशी बोलता येतंय, पण अभंग म्हणता येत नाही, एवढा दम.

याच मापाने वाटेला पैकीच्या पैकी गुण. मिनिटाला 100 पावलं पडली की चालणं बहुतेकांना मध्यम व्यायामात मोडतं. मोबाइलवर मिनिट लावून पावलं मोजून बघा. गप्पा मारत चालणारी बरीच मंडळी 80-90 च्या आसपास निघतात. 90 किलोच्या माणसाने अर्धा तास असं चाललं तर दीडशे ते दोनशे कॅलरी खर्च होतात. फाटकाबाहेर एक प्लेट भजी खाल्ली की त्या भरून निघतात. म्हणून महिन्याभरात काटा हलला नाही तर निराश होऊ नका. वजन उतरायच्या आधी बीपी उतरायला लागतं: ज्यांचं वाढलेलं आहे त्यांचा वरचा आकडा नियमित दमाच्या व्यायामाने साधारण 5 ते 8 ने खाली येतो. वाटेत खोट एकच, पेव्हर ब्लॉक. मुळांमुळे ब्लॉक वर आलेले असतात, कडा अर्धा इंच उचललेल्या असतात, आणि पोट पुढे असलेल्या माणसाला स्वतःच्या पायाखालचं दिसत नाही. पहिली फेरी उजेडात आणि हळू मारा, उंचवटे लक्षात ठेवा. रोज एकाच बाजूने फिरून त्याच बाजूचा गुडघा किंवा घोटा दुखायला लागला तर एक दिवसाआड दिशा बदला. शूजची टाच एका अंगाला झिजली असेल तर ते बदला. चप्पल घालून भरभर चालूच नका.

आता यंत्रं. लेग प्रेसला 5 पैकी 4. बसायची पाटी लोंबत्या दांड्यावर असते. पाय समोरच्या पट्टीवर टेकवून ढकललं की पाटी मागे आणि वर झुलते. वजन तुमचंच, म्हणून 60 किलोच्या पोराला जे हलकं वाटतं ते 100 किलोच्या माणसाला खरंच जड जातं. इथं ते फायद्याचं आहे, कारण मांडी आणि नितंबाचे स्नायू अंगातले सगळ्यात मोठे. ते कामाला लागले की रक्तातली साखर तिथं खर्च होते. दोन सेकंदांत ढकला, तीन सेकंदांत परत या, असं 10 ते 12 वेळा. गुडघे पूर्ण ताठ करून कुलूप लावू नका. परत येताना पाटी इतकी पुढे येऊ देऊ नका की मांड्या पोटात घुसतील. तसं झालं की श्वास कोंडतो. आणि सगळ्यात मोठी चूक हीच, श्वास कोंडून जोर लावणं. त्या क्षणी छातीतला दाब वाढतो आणि बीपी एकदम उसळतं. त्यावर सोपा इलाज: ढकलताना मोठ्याने आकडा म्हणा, "एक", "दोन", "तीन". तोंडातून आवाज निघतोय म्हणजे श्वास बाहेर जातोय. एक गुण कापला तो थांबणीच्या रबरासाठी. हे रबर निघालेलं असतं तेव्हा पाटी परत येताना लोखंडावर आपटते, कमरेला हिसका बसतो. बसण्याआधी पाटी हाताने झुलवून आवाज ऐका.

क्रॉस ट्रेनरला साडेतीन. दोन्ही पाय पट्ट्यांवर, हात दांड्यांवर, चालल्यासारखी हालचाल. पाऊल कधीच उचललं जात नाही, म्हणून गुडघ्यावर आदळ नाही, आणि हातपाय दोन्ही चालल्याने नाडी लवकर चढते. जड अंगाच्या आणि गुडघे धरलेल्या माणसासाठी हे उत्तम. अडचण अशी की बाहेरच्या यंत्राला भार वाढवायची कळ नसते, त्यामुळे सगळं वेगावर अवलंबून. मिनिटाला 100 ते 120 पावलांची गती 5 मिनिटं धरली तरच उपयोग. रमतगमत पाय हलवले तर नाडी ढिम्म राहते. यंत्राच्या सांध्यातला बुश, म्हणजे आतलं कडं, झिजला की पट्टी एका जागी अडकते आणि मग झटक्याने सुटते. असं जाणवलं की उतरा. साडीचा पदर आणि ओढणी कमरेला खोचूनच चढा. दांडा जिथं फिरतो तिथं कापड बरोबर ओढलं जातं.

एअर वॉकरला एक. लोकांना तो आवडतो, पाय झोपाळ्यासारखे पुढे-मागे जातात, घाम नाही, दम नाही. आणि नेमकी तीच अडचण. एकदा झोका दिला की पायाचं वजनच पाय हलवतं, घड्याळाच्या लंबकासारखं. स्नायूंना काम उरत नाही, 10 मिनिटांनंतरही 15 सेकंदांतले ठोके दोन-चारनेच वाढलेले दिसतात. खुब्याचे सांधे मोकळे करायला 2-3 मिनिटं ठीक. मोठे झोके घेऊ नका, जांघेतला स्नायू ताणतो. पूर्ण थांबल्याशिवाय उतरू नका. मागून येणारी पट्टी पोटरीवर बसते.

ट्विस्टरवर उभं राहून कंबर फिरवली की कमरेची चरबी जाते, ही समजूत इतकी पक्की आहे की यंत्राची चकती झिजते पण घेर तसाच राहतो. जिथला स्नायू हलतो तिथलीच चरबी जळेल असं शरीरात होत नाही. चरबी सगळ्या अंगातून निघते आणि पोटाच्या आतली चरबी दमाच्या व्यायामाला चांगली दाद देते. कमरेचं दुखणं, सायटिका असेल तर ट्विस्टरवर चढूच नका. खांद्याच्या चाकाचंही हृदयाशी देणंघेणं नाही, पण मधुमेहींमध्ये खांदा आखडण्याचं दुखणं जास्त आढळतं, त्यांनी दोन्ही बाजूंनी 15-15 फेरे जरूर घ्यावेत.

चेस्ट प्रेस आणि वरून ओढायचं पुल यंत्र यांना अडीच. दांडा ढकलला किंवा ओढला की बसलेली पाटी तुमच्यासकट वर उचलली जाते. म्हणजे 95 किलोच्या नवशिक्याला पहिल्याच दिवशी 95 किलोच्या हिशोबाचा भार, आणि कमी करायची सोय नाही. पायाचे स्नायू अंगाचं वजन रोज पेलतात, खांद्याचे नाहीत. त्यामुळे पहिल्या आठवड्यात खांदा दुखावून जिम सोडणारे बरेच याच यंत्रावरून जातात. यावर युक्ती आहे: दोन्ही तळपाय जमिनीवर घट्ट ठेवा आणि ढकलताना पायांनीही थोडं उठा. भाराचा काही वाटा पाय घेतात. दर आठवड्याला पायांची मदत थोडी कमी करत जा. ते जमेपर्यंत बागेच्या कंपाउंड भिंतीला हात टेकून, पाय दोन फूट मागे ठेवून तिरके जोर काढले तरी छाती-दंडाला तेच काम मिळतं.

नावेसारखं ओढायचं रोअर यंत्र चांगलं, पण पुढे वाकताना पोट दाबलं जातं आणि श्वास अर्धा राहतो. ओढ छोटी ठेवा. सायकल असली तर तिचं पॅडल शाबूत असल्याचं आधी बघा. डोकं खाली राहील अशी तिरकी सिट-अपची फळी वाढलेलं बीपी, हर्निया किंवा मोठं पोट असलेल्यांनी पूर्ण टाळावी. त्यात श्वास कोंडल्याशिवाय उठताच येत नाही.

यंत्रांच्या पलीकडे बागेत दोन गोष्टी फुकट आहेत आणि त्या बहुतेक यंत्रांपेक्षा सरस आहेत. एक, सिमेंटचा बाक: हात छातीशी घेऊन बसणं-उठणं, 8 ते 10 वेळा. दुसरी, भिंत. भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखं थांबायचं. 2023 मध्ये 270 चाचण्यांचा एकत्रित अभ्यास झाला, त्यात अशा जागच्या जागी धरून ठेवायच्या व्यायामाने बीपीचा वरचा आकडा सरासरी 8 ने आणि खालचा 4 ने उतरला, चालण्यापेक्षाही जास्त. पूर्ण पद्धत 2 मिनिटं धरायचं, 2 मिनिटं विसावा, असं 4 वेळा, आठवड्यात 3 दिवस. जड माणसाने सुरुवातीला फक्त किंचित खाली सरकावं, 20-30 सेकंद धरावं आणि सारखं बोलत राहावं, म्हणजे श्वास कोंडणार नाही. गुडघ्याच्या वाटीत कळ आली तर वर सरका.

मग हे जोडायचं कसं? एका यंत्रावर ठाण मांडू नका, वाट आणि यंत्र एकाआड एक घ्या. पहिली 8-10 मिनिटं हळूहळू वेग वाढवत चाला. मग लेग प्रेसचे 10 दाब, लगेच 3 मिनिटं भरभर चालणं. चेस्ट प्रेस किंवा भिंतीचे जोर 8, पुन्हा 3 मिनिटं. बाकावर बसणं-उठणं 8, पुन्हा चालणं. पुल यंत्र 8, चालणं. शेवटी क्रॉस ट्रेनर 5 मिनिटं आणि 5 मिनिटं रमतगमत चालून नाडी उतरू द्या. एकदम बाकावर टेकू नका, पायातलं रक्त तिथंच राहून चक्कर येते. हे साधारण 40 मिनिटांत बसतं. हे दोन किंवा तीन दिवस, मधे एक दिवस सोडून. बाकीच्या दिवशी नुसतं चालणं. आठवड्याला निदान 150 मिनिटं दमाचा व्यायाम आणि 2 दिवस ताकदीचा हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप याने भरतं. पहिल्या दोन आठवड्यांत निम्मंच करा. चौथ्या आठवड्यानंतर यंत्रांची दुसरी फेरी घ्या. चढावर जोरात चालणं, थांबणं, पुन्हा जोरात असे झटके 8-10 आठवड्यांनंतर आणि डॉक्टरांना विचारूनच. संभाजीनगरात गोगाबाबा टेकडीचा चढ त्याला आहेच, पण तिथं पहिल्या महिन्यात जाण्याची घाई नको.

आपल्याकडच्या हवेचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा 42 च्या पुढे जातो. 8 वाजताच लोखंडी पाटीचा चटका बसतो. साडेपाच ते सात हीच वेळ. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर घामासोबत पाणी आणि क्षार दोन्ही जातात, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. अशांनी उन्हाळ्यात व्यायाम सुरू करण्याआधी गोळीच्या मात्रेबद्दल डॉक्टरांना विचारून घ्यावं. उलट डिसेंबर-जानेवारीत थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, पहाटे बीपी चढलेलं असतं. कानटोपी घाला, ऊन पडू द्या, चालण्याची पहिली 10 मिनिटं 15 करा. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या असतील तर उपाशीपोटी यंत्रांवर चढू नका. साखर 90 च्या खाली असेल तर आधी काहीतरी खा, आणि खिशात साखरेची पुडी किंवा गूळ ठेवा. रोज घरी गेल्यावर तळपाय बघा, बधिर पायाला फोड कळत नाही.

बीपी 180/110 च्या वर असेल त्या दिवशी व्यायाम नाही, दवाखाना. हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी झालेल्यांनी तपासणीनंतर डॉक्टरांनी ठरवून दिल्याशिवाय यंत्रांना हात लावू नये. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, थंड घाम, नेहमीपेक्षा वेगळा दम, यातलं काहीही झालं तर "गॅस असेल" म्हणून सोडा पीत बसू नका. बसा, सोबत्याला थांबवा, 108 ला फोन लावा.

नगरसेवक किंवा ग्रामपंचायत नवा संच मागवत असेल तर त्यांना नागरिकांनी एवढं जरूर सांगावं: दोन एअर वॉकर घेण्याऐवजी लेग प्रेस दोन घ्या आणि थांबणीची रबरं जादा मागवून ठेवा. संच सकाळच्या सावलीत बसवा. प्रत्येक यंत्रावर पेलवणारं वजन मराठीत आणि मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. वाटेवर दर 50 मीटरला रंगाची खूण करा. आणि दोन बाक साधारण 45 सेंटीमीटर उंचीचे, हाताला आधार असलेले ठेवा. 100 किलोच्या बाईला बुटक्या बाकावरून उठता येत नाही, आणि उठता येत नाही म्हणून ती दुसऱ्या दिवशी येत नाही.